फुलदाण्यांच्या बुडाखालच्या खुणा

बाईंनी ती पेटी आमच्या घरी आणून ठेवली, त्या दिवशी मला भीती वाटली नव्हती. उलट मी थोडा फुशारलोच होतो. मार्च महिना होता, ऊन तापायला लागलं होतं. बोरगाव मेघेतल्या आमच्या दोन खोल्यांसमोर सायकलरिक्षा थांबला आणि त्यातून एक उंच, गोऱ्या, खादीची साडी नेसलेल्या बाई उतरल्या. रिक्षावाल्यानं मागून एक लाकडी पेटी उतरवली. शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि मी त्यांच्याकडे न बघितल्यासारखं करत पेटीचं दुसरं टोक धरलं.

या बाई जर्मन होत्या आणि धंद्यानं कुंभार. कोणी विचारलं तर त्या स्वतःच सांगत, "मैं कुम्हार हूँ, बस." पवनारकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका शेडमध्ये त्या गावातल्या बायांना चाक चालवायला आणि भांड्यांना चकचकीत झिलई द्यायला शिकवत. भट्टी त्यांनी स्वतः बांधून घेतली होती. माझी बायको तिथं चार वर्षं जात होती. आधी माती मळायला म्हणून गेली, मग शिकली, मग नव्या आलेल्या बायांना शिकवायला लागली. बाईंचं तिच्यावाचून चालत नसे. आता बाईंना या देशात राहायची परवानगी वाढवून मिळाली नव्हती. आठ दिवसांत निघायचं होतं.

पेटीत पाच फुलदाण्या होत्या. त्या बाईंनी केलेल्या नव्हत्या. त्यांच्या गुरूंनी, गुरूंच्या मित्रांनी आणि बाईंबरोबर शिकलेल्या एक-दोघांनी केलेल्या होत्या. मातीचं काय काय होऊ शकतं ते आमच्या बायांना दाखवता यावं म्हणून बाईंनी त्या इतक्या लांब आणल्या होत्या. "वहाँ लोग इसको जमा करते हैं," त्या म्हणाल्या. "एक-एक ढूँढते हैं. मैं दिवाली तक आती हूँ. तब तक तुम रखो."

बायकोनं त्या एकेक करून काढून जमिनीवर मांडल्या. मला त्या दिवशी त्या काही विशेष वाटल्या नाहीत. पहिली वाळल्या मिरचीच्या रंगाची होती आणि तिच्या गळ्याशी तो लाल रंग विरून पांढरट झाला होता. दुसरीवर भाकरीला यावेत तसे फोड होते, काही फुटलेले. तिसरी राखेच्या रंगाची, तिची मान इतकी बारीक की एखादी काडी मावावी. चौथीवर तुरटी विरघळून पुन्हा जमावी तशी खड्यांची नक्षी होती, आणि ती कोणी काढलेली नव्हती, भट्टीत आपोआप उमटली होती म्हणे. पाचवी सगळ्यात लहान, काळी, लोट्याएवढी. बायकोनं ती उचलून बुडाशी बघितलं, मलाही दाखवलं. खाली पाखराच्या पायासारखी खूण दाबलेली होती. सगळ्यांच्याच बुडाला काही ना काही होतं. एकीला वर्तुळात अडकवलेली दोन अक्षरं, एकीला मासा, एकीला दाताळ्यासारख्या तीन रेघा, एकीला एक अक्षर आणि एक आकडा.

"ठेवजो नीट," बायको मला म्हणाली. बाईंच्या देशातल्या वर्तमानपत्रांत गुंडाळून आम्ही त्या पुन्हा पेटीत भरल्या आणि पेटी स्वयंपाकघराच्या माळ्यावर चढवली.

जूनमध्ये आणीबाणी लागली.

मी सरकारी ऑफिसात कारकून होतो, आवक-जावकच्या टेबलावर. माझं गाव वडनेर. माझा बाप दुसऱ्याच्या वावरात राबला. आमच्या घरानं धम्मदीक्षा घेतली तेव्हा मी शाळेत होतो, आणि बापानं त्या वर्षापासून एकच गोष्ट धरून ठेवली, की पोरगं शिकलं पाहिजे. आमच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारा मी पहिला माणूस. वडनेरला गेलो की बाप अजूनही विचारायचा, "नोकरी हाय ना रे?" जसं नोकरी म्हणजे एखादं तापानं पडलेलं माणूस असावं. त्यामुळे माझ्या पोटात नोकरीविषयीची एक भीती आधीपासूनच होती. आणीबाणीनं तिला फक्त वाट करून दिली.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक शाळामास्तर राहायचे. त्यांना एका सकाळी पोलीस घेऊन गेले. कोणी म्हणे नागपूरला ठेवलं, कोणी म्हणे आणखी लांब. त्यांच्या बायकोला विचारायची कोणाची हिंमत होत नव्हती. ती नळावर आली की बाया गप्प होत. ऑफिसातही बोलणं कमी झालं. आमचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, एरवी चहा पिताना सगळ्या जगाचा समाचार घ्यायचे. ते आता चहा पिताना फक्त चहा पीत.

पावसाळा सरता सरता बाईंचं पत्र आलं. पाकीट उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं. डिंक बाहेर आला होता आणि त्यावर धूळ बसली होती. आत काहीच विशेष नव्हतं. तब्येत बरी आहे, दिवाळीला जमत नाही, फुलदाण्या कशा आहेत, एवढंच. बायकोनं ते दोनदा वाचलं आणि डब्यात ठेवलं. मी ते पाकीट धरून उभा होतो. आमचा पत्ता त्यावर बाईंच्या हातानं, मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी माझ्याच टेबलावर एक कागद आला. वरून आलेला, 'गोपनीय'चा शिक्का असलेला. गोपनीय पाकीट मी उघडायचं नसतं, पण हे कोणीतरी आधीच उघडून साध्या डाकेत मिसळलेलं होतं. गेल्या काही वर्षांत तालुक्यात राहून गेलेले परदेशी नागरिक, त्यांचा कोणाशी संबंध होता, त्यांचं काही सामान मागे राहिलं आहे का, याची माहिती मागवली होती. मी नोंद केली, नंबर टाकला आणि कागद बडेबाबूंच्या टेबलावर ठेवला. बडेबाबूंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तुह्या घरची जात होती ना त्या जर्मन बाईकडे?"

"जात होती."

"सोडलं ना आता?"

"बाईच गेली, बाबूजी. शेड बंद हाय."

"मंग बरं हाय," ते म्हणाले आणि कागद फाईलला लावला.

त्या दिवशी घरी जाताना मी पोलीस स्टेशनचा रस्ता टाळला. पुढं तो रस्ता मी टाळतच राहिलो. सायकलवरून लांबचा फेरा पडायचा, पण पडू दे. कोणी मागून घंटी वाजवली तरी मी सायकल कडेला घ्यायचो. जेवताना नजर माळ्याकडे जायची. मला वाटायचं, ती पेटी तिथं वर बसून सगळं ऐकते आहे. मनात खुणांचे हिशेब चालायचे. मासा कशासाठी? पाखराचा पाय कशासाठी? अक्षराजवळ आकडा आहे तो कसला? कोणी मला विचारलं तर मी काय सांगणार? आणि 'माहीत नाही' म्हटलं तर कोण ऐकणार?

आधी मी वर्तमानपत्रं जाळली. बायकोला म्हटलं, "वाळवी लागंन." फुलदाण्या तिनं जुन्या लुगड्यात बांधल्या.

दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्या लेकीला घेऊन माहेरी पवनारला गेली. मी घरी एकटाच होतो. दोन दिवस मी नुसताच बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी पेटी खाली उतरवली.

माझा विचार त्या फोडायचा नव्हता, हे खरं आहे. फोडायची मला हिंमत नव्हती आणि बायकोला तोंड दाखवता आलं नसतं. धाम नदीत नेऊन टाकाव्या असंही मनात आलं, पण पाच फुलदाण्या घेऊन बसमध्ये कसं चढायचं? मग वाटलं, खुणाच तेवढ्या काढून टाकाव्या. खूण नसली की मग ती नुसती माती. मातीच्या भांड्याला कोण काय विचारतो?

कानशीनं सुरुवात केली. कानस त्या बुडावरून नुसती सरकायची, ओरखडाही उठायचा नाही. आमच्याकडच्या मडक्याला नखानं कोरता येतं. ही माती दगडाहून कडक भाजलेली होती. मग आठवलं, शेजारी घर बांधणं चाललं होतं आणि फरशी घासायचा काळा दगड गवंड्याजवळ होता. तो मी मागून आणला. न्हाणीत पाणी घेतलं आणि लाल फुलदाणी मांडीत उलटी धरून घासायला बसलो.

आवाज दाताखाली वाळू यावी तसा होता. तो भिंतीपलीकडं जात असणार हे मला कळत होतं, आणि मी जितकं हळू घासायचो तितका तो जास्त ऐकू यायचा. मोरीतून पांढुरकं पाणी बाहेर जायला लागलं. शेजारच्या काकू भिंतीवरून वाकल्या.

"काय घासून राह्यले, भाऊ?"

"न्हाणीतली फरशी."

"सणासुदीचं बरंच काम काढलं."

वर्तुळातली दोन अक्षरं जायला संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी फोडांची, तिच्याखालचा मासा. माशाची शेपटी खोल होती, ती शेवटपर्यंत दिसत राहिली आणि मला वाटलं ती मुद्दामच जात नाही. तिसऱ्या दिवशी राखेची, तिच्या तीन रेघा. हाताची सालं निघाली होती. मी जेवत नव्हतो, चहावर होतो. खूण जसजशी पुसट व्हायची तसतसं बरं वाटायचं, आणि ती पूर्ण गेली की लगेच पुढच्या फुलदाणीची भीती सुरू व्हायची.

चौथीचं, तुरटीच्या खड्यांच्या फुलदाणीचं, बूड सपाट नव्हतं. खाली कडा होती आणि खूण आत खोलगटात होती. दगड पोचेना. मी छिन्नी आणि हातोडी घेतली. दोन-चार टोले नीट बसले. मग एक टोला बसला आणि भाकरी तुटल्यासारखा बारीक आवाज झाला. बुडापासून एक भेग सरळ वर चढली आणि खड्यांच्या नक्षीतून वाकडी होत गळ्यापर्यंत गेली. मी हातोडी खाली ठेवली. मान वर केली तर न्हाणीच्या दारात बायको उभी होती. ती एक दिवस आधीच परत आली होती. कडेवर लेक झोपलेली.

तिनं आधी लेकीला आत नेऊन निजवलं. मग येऊन घासलेल्या तिन्ही फुलदाण्या उचलून बुडावरून अंगठा फिरवला.

"हे कोनी सांगतलं कराले?"

"कोनीच नाई."

"मंग?"

"भेव वाटलं."

काळी लहान फुलदाणी अजून लुगड्यात होती. ती तिनं घेतली, बाहेरच्या खोलीत नेली आणि रस्त्याकडच्या कोनाड्यात ठेवली. मग बाकीच्या चारही तिच्या शेजारी मांडल्या, भेगाळलेलीसुद्धा.

मी म्हटलं, "अवं, रस्त्यावरून दिसते."

"दिसू द्या. लपवलं का चोरीचं वाटते."

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. मला तेही चाललं असतं, पण त्या कोनाड्याकडे बघून माझा जीव अर्धा व्हायचा.

थंडीत, एका रविवारी सकाळी, साध्या कपड्यातला एक माणूस सायकल भिंतीला टेकवून आत आला. हातात कापडी पिशवी, पायात मात्र पोलिसाचे तांबडे बूट. मी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण तसाच.

"जर्मन बाई तुमच्याकडे येत होती?"

"माझी बायको तिथं शिकाले जात होती."

"सामान काही?"

मी काही बोलायच्या आत बायकोनं कोनाड्याकडे हात केला. "हे पाच भांडे हाय. ठेवाले देल्ले."

तो कोनाड्याशी गेला. लाल फुलदाणी त्यानं उचलली, हलवली, आत बोट घालून पाहिलं आणि उलटी केली. बुडावरून त्याचं बोट फिरताना मी बघत होतो. त्यानं दुसरी उलटी केली, तिसरी केली. चौथीच्या खालचे छिन्नीचे घाव त्यानं उजेडात नेऊन बघितले. मग तो माझ्याकडे वळला, आणि त्याचा आवाज बदलला होता.

"हे कोनं घासलं?"

"मी."

"काऊन?"

मी वस्तरा पुसत राहिलो. साबण गालावर वाळून ओढला जात होता. तो म्हणाला, "उद्या दहा वाजता ठाण्यात येजो. हे सगळं घेऊन."

बाई परदेशी होत्या, पत्ता आमचा होता, एवढंच असतं तर तो चार ओळी लिहून निघून गेला असता. माझ्या घासण्यानंच त्याला विचारायला काही मिळालं होतं. हे मला त्याच क्षणी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज टाकला. कारण 'पोटदुखी' लिहिलं आणि ते खोटं नव्हतं. पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून ठाण्यात गेलो. आवारात लिंबाच्या झाडाखाली बाक होता, त्यावर दुपारपर्यंत बसवलं. एक म्हातारा हवालदार येता-जाता बघायचा. त्यानं एकदा पाणी दिलं. मग आत बोलावलं. साहेब तरुण होते, पुण्याकडचे असावेत, स्वच्छ बोलायचे. टेबलावर पाचही फुलदाण्या उलट्या मांडल्या होत्या.

"काय लिहिलं होतं खाली?"

"मला वाचता आलं नाही, साहेब."

"जे वाचता आलं नाही ते पुसलंत का?"

"भीतीनं."

"कसली भीती? तुम्ही काही केलंय?"

"नाही, साहेब."

"मग भीती कसली?"

याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. त्या दिवशी मी गप्प राहिलो, आणि माझं गप्प राहणं त्यांनी लिहून घेतलं. मला वाटलं, संपलं. नोकरी गेली. वडनेरला बापासमोर कसं उभं राहायचं, एवढंच डोक्यात होतं. परत बाकावर बसायला सांगितलं.

चार वाजले असतील. फाटकातून माझी बायको आत येताना दिसली. एका हाताला लेक, दुसऱ्या हातात पिशवी. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. सरळ हवालदाराला म्हणाली, "सायबाले भेटाचं हाय."

दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. तिनं पिशवीतून आमच्या घरचे चार मातीचे पेले काढले, तिनंच केलेले, ज्यातून मी रोज पाणी प्यायचो. ते तिनं फुलदाण्यांच्या बाजूला उलटे ठेवले.

"हे पाहा, साहेब. तीन ठिपके. ही माही खूण."

"खूण कशाला?"

"भट्टी एकच राह्यते. दहा जणींचे भांडे एकाच वक्ती भाजाले जाते. आपलं कोन्तं ते समजाव म्हणून कच्चं असतानीच खाली खूण करतो. पवनारच्या कोन्त्याबी बाईले विचारा, तिची सांगंन. या फुलदाण्यावाल्यांचंबी तसंच. ज्यानं केलं त्याची खूण. दुसरं काही नाई त्यात."

"तुमच्या मालकांना माहीत नव्हतं?"

तिनं एक पेला सरळ केला. "त्यायनं कधी पेला उलटा करून पाह्यलाच नाई," ती म्हणाली.

मी बाकावर बसून ते ऐकलं. ते खरं होतं. तीन वर्षं मी त्या पेल्यांतून पाणी प्यालो होतो.

साहेबांनी पवनारच्या दोन बायांना बोलावून विचारलं, त्यांच्याही भांड्यांच्या खुणा बघितल्या. माझा जबाब घेतला. चार फुलदाण्या परत दिल्या. काळी, जिच्याखाली पाखराचा पाय शाबूत होता, ती तपासासाठी ठेवून घेतली. "बोलावलं की यायचं," एवढं बजावलं.

त्यांनी सहा वेळा बोलावलं. दर वेळी तेच विचारायचे, मी तेच सांगायचो. दर वेळी ती काळी फुलदाणी साहेबांच्या टेबलावर दिसायची. तिसऱ्या खेपेला तिच्यात दोन पेनं होती. पाचव्या खेपेला रूळही होता. माझ्या डोक्यावरचे केस त्या दीड वर्षात गेले. ऑफिसात प्रत्येक लिफाफा उघडताना आधी स्वतःचं नाव शोधायची मला सवय लागली. आणीबाणी उठली, निवडणुका झाल्या, गल्लीतले मास्तर घरी आले. साहेबांची बदली झाली. मग एका दुपारी तोच म्हातारा हवालदार फुलदाणी धोतराच्या फडक्यात बांधून घेऊन आला. आत शाईचा निळा डाग पडला होता. "घ्या," तो म्हणाला, "नव्या सायबाले हे कायचं हाय ते ठाऊक नाई." मी त्याला बसवलं आणि बायकोनं चहा केला. हवालदार त्याच पेल्यातून चहा प्यायला, पण मी त्याच्यासमोर मोकळेपणानं बसू शकलो नाही.

बाई आल्या त्या त्यानंतर सहा वर्षांनी, त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात. आता त्यांच्या हातात काठी होती आणि केस पूर्ण पांढरे झाले होते. येते म्हणून महिनाभर आधी पत्र होतं. तो महिना मी पोलिसांच्या बोलावण्याच्या वेळी काढला तसाच काढला. बायकोला एकदा म्हटलं, "तूच सांगून दे." ती म्हणाली, "मी नाई. तुमी केलं, तुमीच सांगा."

त्या आल्या, बायकोला जवळ घेतलं, लेकीला घेतलं. मग कोनाड्याकडे गेल्या. लाल फुलदाणी उचलली, दोन्ही हातांत धरून फिरवली आणि सवयीनं उलटी केली. मग दुसरी केली. मी सांगायला सुरुवात केली. हिंदी नीट येत नसल्यानं मधेच मराठीत जायचो. कागद, पत्र, मास्तर, काळा दगड, छिन्नी, ठाणं. त्या पलंगावर बसून ऐकत होत्या आणि बुडाकडे बघत होत्या.

मी थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "एक को कितना टाइम लगा?"

"एक पूरा दिन."

"पानी के साथ?"

"हाँ."

त्या पुढं काही विचारतील म्हणून मी थांबलो. त्यांनी फोडांची फुलदाणी मांडीवर घेतली. त्या रागावल्या होत्या, आणि राग दाखवायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. ते मला शिव्या खाण्यापेक्षा जड गेलं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ये मछलीवाला मेरा दोस्त था. वो मर गया. और नहीं बनाएगा."

मी म्हटलं, "मुझे माफ करो."

"मालूम है, तुम डर गए थे," त्या म्हणाल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत.

त्यांच्या गावातल्या एका संग्रहालयाला त्या पाचही द्यायच्या होत्या. भेगाळलेली प्रवासात टिकली नसती, म्हणून ती बायकोला दिली. बाकीच्या चार कापसात बांधून घेतल्या. दोन दिवस राहिल्या. बायकोबरोबर पवनारला जाऊन बंद पडलेलं शेड बघून आल्या, संध्याकाळी दोघी भट्टीच्या विटांविषयी बोलत बसल्या. माझ्याशी त्या नीट बोलायच्या, पण जपून. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांना नागपूरच्या बसमध्ये बसवून दिलं.

सात-आठ महिन्यांनी पत्र आलं, या वेळी नीट चिकटवलेलं. तरी ते उघडायच्या आधी मी डिंकावरून बोट फिरवून बघितलं. संग्रहालयानं काळी फुलदाणी काचेच्या कपाटात ठेवली होती. बाकीच्या तीन कोणाच्या ते बाईंनी लिहून दिलं, पण खुणेशिवाय खात्री देता येत नाही म्हणून त्यांच्याखाली करणाऱ्याचं नाव लिहिलेलं नव्हतं. त्या तळघरात होत्या. बाईंनी त्याबद्दल मला काही म्हटलं नव्हतं. फक्त झालं ते कळवलं होतं. शेवटी बायकोसाठी तीन पानं होती, नवी भट्टी कशी बांधायची त्याचं, चित्रं काढून.

बायकोनं ती तीन पानं जमिनीवर पसरली आणि वाकून बघत बसली. मी विचारलं, "उत्तर काय लिवतेस?"

"विटा कुठून आनाच्या ते इचारतो," ती म्हणाली. "तुमाले लिवाचं असंन तर तुमचं येगळं लिवा."

मी कागद घेतला. तीन दिवस तो कोराच राहिला. चौथ्या दिवशी सकाळी मी चार ओळी लिहिल्या, पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी आमचा पत्ता पूर्ण घातला आणि ऑफिसला जाताना ते स्वतः टपालपेटीत टाकलं. पोलीस स्टेशनचा रस्ता त्या दिवशीही मी टाळलाच.